माता आशिता

शनिवारी चाकणहून सुटलो की
टिळक रोडवर, दुसऱ्या मजल्यावर,
आम्ही पाचजण पोरांच्या बाकांत गुडघे कोंबतो.
कंपनीचं पत्रच आहे, पन्नाशीतल्यांनीही
जपानीची परीक्षा द्यावी.

सेनसेई माझ्या लेकीहून लहान.
म्हणाल्या, व्याकरण राहू दे, आज गाणं.
मला वाटलं फुलंबिलं असतील, चंद्र.
निघाला एक टकलू,
शेवटची गाडी चुकलेला, बूट चावलेला,
रिकाम्या फलाटावर ठणाणा ओरडणारा:
माता आशिता! माता आशिता!

"कुठली माता?" पासलकरांनी विचारलं.
गिअरबॉक्स विभाग, सत्तावीस वर्षं. कान तिथेच गेले.
"उद्या भेटू," सेनसेई हसल्या. "एवढंच."

एवढंच, पण ठेका असा
की पासलकर डबाच वाजवायला लागले,
स्टीलचा, तीन पुडांचा,
आणि जाताना बाकाखाली विसरले.

दांडेकर पुलाच्या सिग्नलला
मी ते हेल्मेटच्या आत म्हटलं
(घातलं होतं, हो, पुण्यात).
डिकीत शुगरचा रिपोर्ट.
शेजारच्या स्कूटीवरली पोरगी बघत राहिली.
अजून सत्त्याण्णव सेकंद होते.
मी दुसरं कडवंही म्हटलं.

पुढच्या शनिवारी एक बाक रिकामा.
बायपास. भेटायची वेळ चार ते सहा.
आम्ही चौघं पलंगाभोवती, बेसूर,
सलाइनच्या स्टँडवर बोटांनी ठेका.
सिस्टर आत आली, 'माता' ऐकलं,
आणि हात जोडून उभीच राहिली.

छातीशी उशी धरून पासलकर हसले,
दुखेदुखेपर्यंत.
मग आम्हाला म्हणाले,
आशिता ना?
येताना माझा डबा आणा.