दुसरी बशी

पार्लच्या बाहेर, द्राक्षमळ्याच्या उताराखाली
एक तळं आहे. तिथून अपोलिस दर मंगळवारी
बादलीभर प्लॅटाना आणतो :
चपटे, बिनजिभेचे बेडूक,
कुशीला टाके घातल्यासारखे.

पोरवयात तो हेच पकडून इस्पितळाला विकायचा.
बाईची लघवी मादीला टोचायची,
सकाळी अंडी दिसली तर बाई पोटुशी.
"अर्ध्या गावाची बातमी," तो म्हणतो,
"आधी माझ्या बादलीला."

झोलेका हसत नाही. ती मोजत असते.

अंडं कसं असतं ते तिला विचारा.
वरून काळपट, खालून पिवळट,
आणि आत सगळं थांबलेलं,
उंबऱ्यावर एक पाय उचलून धरावा
आणि हाक येईपर्यंत टेकू नये, तसं.
हाक आली की त्या एका बिंदूपासून
कॅल्शियमची लाट सुटते,
पलीकडच्या टोकाला पोचायला काही मिनिटं.
पापुद्रा सुटा होतो,
अंडं आतल्या आत वळतं,
काळी बाजू वर.
झालं. एवढंच.
एवढ्याशासाठी ती अकरा वर्षं
भिंगाला डोळा लावून बसली आहे.

पहिल्या बशीत गाळलेलं पाणी.
दुसऱ्या बशीत तळ्याचं.

दुसरीत तिने अजून काहीच सोडलं नव्हतं,
ना नराचं बीज, ना सुईचं टोक.
तरी एक अंडं वळलं.
मग सात.
मग बोटं मोजणीच्या मागे पडली.
नवरदेव वेशीवरसुद्धा नाही
आणि इथे अक्षता पडून गेल्या.

नंतर सोडलेलं बीज
पापुद्र्याबाहेर वळवळत राहिलं.
दुपारी अंड्यांवर डाग आले,
चारला ती विरघळायला लागली.
पहिल्या बशीत तोवर
दोनाचे चार, चाराचे आठ,
शहाण्या मुलांसारखे.

वहीत तिने लिहिलं : कारण अज्ञात.
मग खोडलं.

अपोलिस दाराशी टोपी चुरगाळत उभा.
पाठीवर टाकी बांधून त्या मळ्यात
त्याने एकोणीस उन्हाळे फवारणी केली,
औषध हातानेच ढवळायचा.
"वास गोडसर होता," एवढंच म्हणाला.
आणि आपले तळवे
उलटे, सुलटे, उलटे करून पाहिले.

"पुढच्या मंगळवारी
मळ्याच्या वरच्या तळ्याचं पाणी आणाल?"

"वर," तो म्हणाला, "वरही आता मळाच आहे."

तिने तिसरी बशी धुतली,
पुसली,
आणि चिठ्ठी न लावताच ठेवली.