मिसेस प्यू, सकाळी पावणेनऊ

रात्री बाराला पोर्टल उघडतं,
बारा वाजून चार मिनिटांनी भरतं.
साफसफाई, चकाकी, सहामाही तपासणी.
ज्यांची बोटं चपळ, त्यांचे दात आधी.

ठणक्याला वेळापत्रक कळत नाही.
वेल्सच्या या डोंगरात तो
रविवारी पहाटे तीनला येतो,
गाल पावासारखा फुगवून.

फॉर्म विचारतो: दुखणं एक ते दहामध्ये किती?
इद्वल, वय एकाहत्तर, स्लेटच्या खाणीत हयात गेलेली,
लिहितो: चार.
छत अंगावर आलं होतं, ते त्याच्या हिशेबी सहा.
चारला तारीख मिळते
तेवीस दिवसांनंतरची.

म्हणून मी मिसेस प्यू जन्माला घातली.
रोज बाराच्या ठोक्याला, अंथरुणातून,
तिचं नाव टाकते: पावणेनऊ, खुर्ची दोन.
जन्मतारीख माझ्या मांजरीची, साल तेवढं मागचं.
ती कधीच येत नाही.
डॉक्टर रीस पडद्याकडे बघतात, मग माझ्याकडे,
आणि मुकाट्याने हातमोजे चढवतात.

आज तिच्या जागी इद्वल,
रुमाल गालाशी, टोपी गुडघ्यावर.
दाढ निघाली. जाताना
अर्ध्या बधिर तोंडाने म्हणाला,
"त्या बाई आल्या नाहीत म्हणून माझा नंबर लागला.
बऱ्या आहेत ना त्या?"

ठणठणीत आहेत, म्हटलं.

दुपारी हेड ऑफिसचा मेल:
वारंवार गैरहजर राहणाऱ्यांची नावं
सोमवारपासून आपोआप खोडली जातील.

ठीक.
सोमवारपासून मिसेस प्यू
नवऱ्याला पाठवणार आहेत.