फक्त वाचण्यापुरतं

तांबट आळीतून अच्युत वडनेरे आले,
काखेत सीपीयू, वरून पंचाची गाठ,
जसा हंडा कल्हईला आणावा.
म्हणाले, ताई, उघडायलाच हा दहा मिनिटं घेतो.
ते फुकटचं असतं ना, पेंग्विनवालं,
ते टाका. जुनं मात्र राहू दे.

अशोक स्तंभाच्या चौकात सगळ्यांनाच आधी जायचं होतं.
दुकानात, स्क्रीनवर, पांढरा तक्ता:
डिस्क एक, तुकडे चार.
पहिला चिमुकला, चालू होण्यापुरता.
दुसऱ्यात जुनी सिस्टीम.
तिसरा रिकामा, मीच मघाशी कापून काढलेला.
चौथा एकशे चाळीस जीबी,
नाव: गजानन.

हे कोण?

अच्युतराव रस्त्याकडे बघायला लागले.
थोरले. वाटणी झाली, चार वर्षं होतील.
त्यांना भट्टी आणि दुकान,
मला हातोडे, खरवया आणि हे खोकं.
त्यांचं आतलं काढायचं राहूनच गेलं.

तक्त्याला यातलं काही कळत नाही.
तो एवढंच विचारतो, ह्या तुकड्याचं काय करू?
पुसू, जोडू, की असाच सोडू?
पुसायला एक टिचकी पुरते.
खात्री आहे का, हे तो एकदाच विचारतो.

मी म्हटलं, असाच सोडला तर जाणार कुठे नाही,
पण नव्या सिस्टीमला तो दिसणार नाही.
एका भिंतीआड राहायचं
आणि लग्नाची पत्रिका पोस्टाने पाठवायची, तसं.
जोडायचा तर त्याला एक दार द्यावं लागतं,
एक रिकामं फोल्डर.
त्यातून आत गेलं की सगळं त्यांचं.
दाराला नाव काय देऊ?

ते आपली नखं बघत बसले.
प्रत्येक नखाखाली काळी रेघ.
मला वाटलं ऐकू गेलं नाही.

दादा, म्हणाले.
पण हात लावता यायला नको. मलासुद्धा.
दिसू दे फक्त.

मी टाइप केलं: स्लॅश, मग दादा.
पुढच्या रकान्यात आर, ओ.
आरओ? पाण्याचं?
नाही हो. वाचण्यापुरतं.

मग हिरवी पट्टी सरकायला लागली.
आम्ही नाशिककर पूर मोजतो तशी मी ती मोजते,
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला.
कमरेला असताना त्यांनी चहा सांगितला,
गळ्याशी आली तेव्हा स्वतःचा कप विसरून माझाच प्यायले.

मशीन पुन्हा चालू झालं. दार होतं.
आत कळशी, घंगाळ, पंचपात्री ठोक,
दिवाळी १६, दिवाळी १७,
आणि सगळ्यात खाली एक फाइल: अच्युत उचल.
बाण तिच्यावर जाऊन थांबला.
घरी बघतो, म्हणाले,
आणि पन्नास रुपये कमी करून घेतले.

नवव्या दिवशी फोन.
ताई, त्यात काही लिहायचं असेल तर?

मी म्हटलं, एक ओळ बदलावी लागेल, ती मी येऊन बदलते.
पण त्याने भागणार नाही.
जुनी सिस्टीम शेवटी कुणी नीट बंदच केलेली नाही,
नुसती झोपवून ठेवलीय.
तिचं अर्धं काम अजून आत उघडं पडलंय,
तोवर हे दुसऱ्या कुणाला लिहू देत नाही.
आधी तिच्यात जा. असेल ते पुरं करा.
मग बंद करा, पूर्ण. झोपवू नका.

बरं, म्हणाले. पासवर्ड त्यांचा आहे.

मी काही बोलले नाही.
ते फोनवर होते, श्वास ऐकू येत होता,
आणि मागे कुणीतरी
तांबं ठोकत होतं.