वादी

पाय ठेवा हितं, कागदावर. टाच टेकू द्या.
हलू नका, पावनं. रेघ हलली की चप्पल हलती,
चप्पल हलली की मानूस.

डावा जरा रुंद हाय तुमचा.
लंडनात येका बाईनं असाच पाय म्होरं केलता,
मोजा न काढता.
म्या काय मोजनार? मोजाच मोजला.

व्हय, गेलतो. हितं कुनाला खरं वाटत न्हाई.
कापशीचा म्या, येक साळी, येक तांबट,
आन् येक मुका मूर्तीवाला,
त्येचं मुकंपन तितं कुनाला कळलंच न्हाई.
काचंच्या छताखाली चौथरा, म्होरं दोरी,
दोरीपल्याड मानसं.
पाटीवर माझं नाव म्हनं. दौलू न्हवतं ते.
खाली लिवलेलं, वय पन्नास.
तवा एकतीसचा व्हतो.

सकाळपासनं दिवेलागनीपतूर आरी चालवायची.
चप्पल झाली की उसवायची.
कातडं गावाकडनं मोजून आनलेलं,
आन् बगनाऱ्यास्नी शिवनारा पायजे, शिवलेलं न्हवं.
सा म्हैनं येकच जोड शिवला.

येका पोरीनं माझ्या दंडावर बोट घासलं,
मग बोटाकडं बगितलं.

येका राती नाटकाला नेलं, फुकट, पार वर.
जहाज बुडालं तितं. खरं पानी!
लोक किंचाळलं. साळी रडाय लागला,
त्येला आता समुद्र ठावं व्हता.
म्या जहाज बगितलंच न्हाई.
डोईला छत लागत व्हतं, तितनं कप्प्या दिसायच्या,
कप्पीवर वादी, वादीला टीप,
आन् टीप कच्ची. दर तिसरा टाका सुटलेला.
ती रात झोपलो न्हाई.

कोल्हापुरात आगगाडी आली त्या साली
तुमची मंडळी आली. रंकाळ्याच्या वाटंला पत्र्याचा मांडव.
आभाळातनं नारद उतरनार म्हनून दवंडी,
आन् पैल्याच तालमीला नारद पडला.
वीणा मोडली. बरगडीबी.
म्यानेजर माझ्या दारात आला, अंधार पडल्यावर.

पट्टा केला. म्हशीचं कातडं, बाभळीच्या सालीत मुरलेलं,
दुहेरी टीप, मेनाचा दोरा,
छातीखालनं, मांड्यांतनं, पाठीला कडी.
वर पितांबर, आत माझं कातडं.
म्यानेजर म्हनला, "वादी म्हणू नकोस हं. दोरी म्हण."
म्हनलं, दोरी तर दोरी.

पन आवळायला हात माझाच लागायचा, दुसऱ्याला जमंना.
पडद्यामागं डोळं मिटून उभा ऱ्हायचा त्यो,
चांगला होता, बामनाचा पोर, गळा लई गोड.
श्वास घ्या, म्हनायचो. सोडा. आता जावा.
खालनं टाळ्या. बायका पदर पसरायच्या.
म्या आपला टीप बगत.

मग कुनीतरी पुन्याला कळवलं.
त्येनं प्रायश्चित्त घेतलं म्हनं.
सात समुद्र म्या ओलांडलं,
प्रायश्चित्त त्येनं.

हं, उजवा द्या आता. बोटं सैल सोडा.
बास.
चप्पल बुधवारी.

न्हाई, जाऊ नका. हात वर करून उभं ऱ्हावा,
छाती मोजायची हाय.
का, म्यानेजरनं सांगितलं न्हाई व्हय?