येतो म्हणून निघाले

आमच्या कोल्हापुरात बायकाही म्हणतात, मी जातो, मी येतो.
आई म्हणायची, मावशी म्हणायची,
गंगावेशीत म्हशीची धार काढता काढता
हौसाक्का म्हणायची, "थांब, मी आलोच."
त्या एका ओ-काराच्या आडोशाला
मी वीस वर्षं काढली.
माझा 'येतो' आईचा की बापाचा,
कुणी विचारलं नाही.

पुण्याच्या ऑफिसात कागलची एक मुलगी होती.
ती 'जातो' म्हणाली की सगळे हसायचे,
सुधारायचे तिला: जाते म्हण, जाते.
तिला तो धडा नको होता.
मी शेजारच्या टेबलावर, मान खाली घालून,
तोच गिरवत होतो.
जाते. बसते. जेवते.
ओठ न हलवता.

परवा सुभाषनगरात व्हटकरमामांकडं गेले.
"लेडीज का जेन्ट्स?"
मान वर न करताच विचारलं.
मग केली वर. मग पुन्हा खाली, पायाकडं.
बायकांच्यात नऊ नंबर तयार मिळत नाही.
"करावा लागंल," एवढंच म्हणाले,
आणि खिळ्याला तारेत ओवलेले पुठ्ठे चाळू लागले.
एक निघाला. बारा वर्षांपूर्वीचा माझा पाय,
निळ्या पेन्सिलीचा,
त्यावर तालमीत पुकारायचे ते नाव.
"ठेव."
मी ठेवला.
अंगठ्यापाशी रेघ जरा उघडी राहिली,
बाकी सगळं जिथल्या तिथं.
मामांनी पुठ्ठा उलटा केला.
"नाव?"
"शालन."
"आमच्या आत्तीचं," म्हणाले,
आणि लिहिलं. बाणातला ण घालून.
मी दुरुस्त केलं नाही.

"पट्टा नाजूक करू? गोंडा?"
"करा. पण आत विंचू बसवा. वाजली पायजे."
आरी हातातच राहिली.
"बायका न्हाईत वाजवत."
"मी वाजवतो," मी म्हणाले.

बापाची वाजायची.
बोळाच्या तोंडाशी करकर आली
की आम्ही पुस्तकं उघडायचो.
तो गेल्यावर त्याचं काही मागितलं नाही मी.
घड्याळ भावानं घेतलं, फेटा चुलत्यानं.
एवढा आवाज तेवढा कुणी नेला नव्हता.

आज घालून आले.
कट्ट्यावरच्या पोरांनी आधी ऐकलं,
मग बघितलं, मग पायांकडं,
मग एकमेकांकडं.
त्यांचा हिशेब लागेना.
त्यांचा होता, त्यांच्यापाशी ठेवला.

आईनं दार उघडायच्या आधीच ओळखलं असणार.
सहा महिने झाले, माझ्यापुरती
ती क्रियापदं जपून वापरते.
"चहा?" "जेवण झालं?" "दमणूक झाली असंल."
वाक्यं मला वळसा घालून जातात,
सकाळी माणसं रंकाळ्याला घालतात तसा.
चपलेकडं बघत राहिली.
"कितीला?"
"अठराशे."
"अठराशे! फसलीस की गं!"

मग तिचं तिलाच ऐकू आलं असावं.
आत वळली. गॅस बारीक केला,
उगीचच परत मोठा केला.

मी चप्पल लगेच काढली नाही.
उंबऱ्यातच
या पायावरून त्या पायावर झाले.
वाजली.