वितळ

बंदी लागली, होड्या माडांखाली गेल्या,
आणि कोयंडे शेठ बिल घेऊन आले.
चष्मा कपाळावर, कागद नाकाशी.
"ह्ये अकरा हजार कसले गो? दर म्हयन्याक?
आभाळात गोदाम घेतलंस काय?"

घेतलं होतं, एका अर्थी.
सर्जेकोटच्या बर्फ फॅक्टरीचा सगळा कारभार
रोज रात्री अकराला, कॉम्प्रेसरच्या धडधडीत,
कुठल्याशा परक्या देशातल्या यंत्रावर निजायला जायचा.
मागल्या वादळात ऑफिसचा पत्रा उडाला,
उधारीच्या वह्यांचा लगदा मी सुपात भरला होता.
तेव्हापासून मी काहीच टाकत नव्हते.
भीती महाग असते.
भाड्याच्या जागेत ठेवली तर दर महिन्याला वाढते.

मग बसले उपसायला.
एकच खातेवही, पाचशेचाळीस वेळा, अथपासून इतिपर्यंत,
दोन प्रतींत फरक काय, तर त्या दिवसाच्या वीसेक पावत्या.
म्हणजे रोज एक लादी वाढते म्हणून
रोज अख्खी फॅक्टरी नव्यानं बांधायची!
ते थांबवलं. आता रविवारी पूर्ण प्रत,
बाकी दिवशी फक्त बदललेलं.
जुनी वर्षं, कायद्याला लागतात तेवढी,
थंड कप्प्यात टाकली.
तिथं भाडं नगण्य, पण बाहेर काढायला अर्धा दिवस.
शेठना समजावताना म्हटलं,
तळातली लादी. काढायची नसते तोवर स्वस्त.
हे त्यांना एका दमात कळलं.
एक डिस्क भावाकडे, कोल्हापुरात,
घाटावर खारं वारं पोचत नाही.

तरी बिल अर्धंच उतरलं.

उरलेलं ओझं कॅमेऱ्यांचं.
चार कॅमेरे, दीड वर्ष,
ज्यात मुख्यतः काही घडत नाही.
धक्का. दिवा. दिव्याखाली किडे.
भरती येते, भरती जाते, एक पांढरा कुत्रा
दोन नंबरच्या खांबाशी इमानानं जातो.
या सगळ्याचे आम्ही पैसे मोजत होतो.
पुसण्याआधी एकदा बघावं म्हणून
पळवत बघू लागले.

गुरुवार, पहाटे चार दहा.
भिकाजी तारी, आमचा रात्रपाळीचा,
हातगाडीवर दोन लाद्या, वर गोणपाट,
पावतीखिडकीकडे न बघता सरळ पुढे.
धक्क्याच्या टोकाला मालन खवणेकरची पात.
तिचा नवरा गेला त्याच्या पुढल्या हंगामापासून
ती आणि तिचा दीर जाळं टाकतात.
ती काही बोलत नाही. पाटी पुढे करते.
पुढचा गुरुवार. त्याच्या पुढचा.
थंडीत त्याच्या डोक्याला मफलर, एवढाच बदल.
एका गुरुवारी भिकाजी रजेवर होता.
त्या पहाटे गाडी ढकलत होते
लुंगी वर खोचलेले, चष्मा कपाळावर,
कोयंडे शेठ.

मी यंत्र थांबवलं.
खातं उघडलं.
बर्फाच्या हिशेबात एक रकाना असतो, वितळ.
सोळा वर्षं मी तो भरते,
गुरुवारी दोन लाद्या जास्त का वितळतात
हे मी कधी विचारलं नव्हतं.
ऊन म्हणावं तर पहाट.

नियम केला: चित्रण तीस दिवस, मग आपोआप पुसायचं.
जुनं त्याच दुपारी.
आकडा खाली खाली गेला,
ओहोटीत खडक उघडे पडावेत तशी
रिकामी जागा दिसू लागली.

मग एक दिवस परत आणून बघितला,
जे परत आणता येत नाही ते ठेवलंय कशाला म्हणायचं?
चौदा डिसेंबर, गुरुवार. सगळ्या पावत्या जुळल्या.
वितळ: नेहमीची, अधिक दोन.

नवं बिल एकोणीसशेचं.
शेठनी ते दोनदा उलटं करून पाहिलं.
"त्या पुसलल्यात कामाचा काय होता?"
खिडकीबाहेर बघत विचारलं.

कुत्रा, म्हटलं मी.
आणि भरती-ओहोटी.