शिवण

पहिला धडा औषधाचा नाही.
औषध कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात.
पहिला धडा पायपुसण्याचा:
त्यावर उभं राहायचं, बेल एकदाच वाजवायची
आणि जिन्यात कुणी "ढेकूण" हा शब्द उच्चारायचा नाही.
शेजारचं दार नेहमी बोटभर उघडं असतं.

या खेपेला तिघं आलेत.
जेरिको मनालो, आधी मासे साफ करायच्या कारखान्यात होता;
त्सेहाय, जिची वही पहिल्याच दिवशी अर्धी भरली;
आणि डेलॉर्म, ज्याला सगळं आधीच माहीत आहे.
बाहेर उणे एकतीस. व्हॅनची कडी हातमोज्याला चिकटते.
विनिपेगमध्ये जानेवारीत लोक हमखास विचारतात,
एवढ्या थंडीत किडा जगतो तरी कसा?
किडा तुमच्या थंडीत राहतच नाही, बाबांनो,
तुमच्या उबेत राहतो.

टॉर्च समोरून मारू नका, आडवा धरा;
समोरच्या उजेडात कुठलीही गादी निर्दोष दिसते.
वाचनालयाचं जुनं कार्ड शिवणीतून ओढत न्या,
हळू, न्हाव्याच्या हातानं.
शाईचे ठिपके दिसले तर ती विष्ठा.
सालपटं दिसली तर पोरं मोठी झाली.
सोफ्यावर बसायचं नाही.
चहा दिला तर उभ्यानं प्या, पण प्या.
नाक मुरडायचं असेल तर ते इथेच, व्हॅनमध्ये, मुरडून घ्या.

मारायचं कधी? डेलॉर्म विचारतो.
छप्पन्न अंश. खोली तिथवर न्यायची आणि चार तास धरायची.
हीटर आपल्याहून शहाणा, त्याला घाई नसते.
त्याआधी मेणबत्त्या, औषधाच्या गोळ्या, कॅसेटी बाहेर.
एकदा मी कॅसेट विसरले होते.
त्या माणसाच्या बायकोचा आवाज होता तिच्यात.
एवढं सांगून मी गप्प.
त्सेहाय लिहिता लिहिता थांबते.

तिसरा मजला. मिसेस हल्डोरा सिगुर्डसन,
वय शहाऐंशी, स्वेटरच्या आत उरल्या असतील तेवढ्या.
मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले:
कधीपासून? कुठे चावतात? जुनं फर्निचर आणलंत? पाहुणे?
उत्तरं पाठ केल्यासारखी आली.
घर स्वच्छ आहे हो माझं, त्या तीनदा म्हणाल्या.
दिसतंय, मी म्हटलं. त्यांना स्वच्छतेचं वावडं नसतं.

तेव्हा जेरिको,
चार दिवसांत चार वाक्यं न बोललेला जेरिको,
गुडघ्यांवर बसला, त्यांच्या नजरेच्या खाली गेला
आणि म्हणाला,
आजी, हल्ली तुम्ही झोपता कुठे?

बराच वेळ त्या आमच्या बुटांवरच्या निळ्या पिशव्या बघत राहिल्या.
मग बोट न्हाणीघराकडे.

टबात एक उशी. लोकरीची शाल, दोन वेळा दुमडलेली.
नळाला सुतळीनं बांधलेला रेडिओ.
ऑक्टोबरपासून.
टबाच्या गुळगुळीत कडेवर त्यांचे पाय टिकत नाहीत
हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.
फी म्हणून एकेक रात्र भरत
त्या शिकल्या होत्या.

डेलॉर्मनं टॉर्च विझवला.
एकोणीस वर्षं मी विचारत आलेय, कुठे चावतात.
अंगावर चावतात, दुसरं कुठे.

दुपारी हीटर घुमत होते. मिसेस सिगुर्डसन व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर,
रेडिओ मांडीत, तोंड उघडं, गाढ झोपलेल्या.
तुला कसं सुचलं रे? मी जेरिकोला विचारलं.
माझी आई खुर्चीत झोपायची, म्हणाला,
आणि केबल गुंडाळायला निघून गेला.

फॉर्मवर त्या प्रश्नाला रकाना नाही.
समासात आखायला गेले तर पेनची शाई गोठलेली;
तोंडाच्या वाफेवर धरलं, झटकलं,
पुन्हा धरलं.

उद्या यांना उंदीर शिकवायचेत.